सिंक तुंबू द्यायचं नसेल तर खरकटं बादलीत घाला

सिंक तुंबलं की जो तो सांगतो, खायचा सोडा आणि व्हिनेगर ओता. फेस छान येतो पण तेलातुपाचा थर त्याने जात नाही. आमच्याकडे वर्षात दोनदा प्लंबर आला, सिंकखालचा बाटलीसारखा भाग, बॉटल ट्रॅप, उघडला तर आत चहाचा चोथा, भाताची शितं आणि तूप मिळून मेणासारखा गोळा झालेला. शितं पाण्यात फुगतात, त्यांची खळ पाइपला चिकटते आणि त्यावर चोथा बसत जातो. म्हणून हे सगळं सिंकमध्ये जाताच कामा नये, बादलीत घालून त्याचं घरीच खत करायचं.

सिंकला बारीक जाळी लावा. ताटं आधी बादलीत निपटून मग घासायला टाका, कढईचं तेल कागदाने पुसून घ्या. दुधाच्या चहाचा चोथा गाळणीतच एकदा धुऊन निथळा.

बादली साधी, २० लिटरची, झाकणवाली. तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, खाली ताटली ठेवा. अशा दोन लागतात.

आता खरी अडचण, ओलावा. मी इथेच मार खाल्ला. कुणीतरी सांगितलं रोज पाणी शिंपडा, मी शिंपडलं, वर मूठभर पाला टाकायचो, आणि जुलैत आठवड्याभरात सडक्या अंड्यासारखा वास सुटला, घरात चिलटं, शेजारच्या काकू दार वाजवून गेल्या. असं रोज पाणी अजिबात घालू नका! भाजीच्या देठा-सालींमध्ये ८०-९० टक्के पाणीच असतं, कलिंगड-काकडीत त्याहून जास्त. ते पाणी मधल्या फटी भरतं, हवा संपते, मग हवेशिवाय जगणारे जिवाणू वाढतात आणि वास त्यांचाच असतो.

माझं माप ठरलेलं आहे, एक वाटी ओला कचरा तर दोन वाट्या चुरलेला सुका पाला. वजनाने नाही, वाटीने. भात-वरण असेल तर आधी गाळणीत निथळा आणि ढीग न करता पसरून टाका, त्याचा गोळा झाला की आत सडतोच. रोज वरचा थर पाल्याचाच हवा, कचरा दिसता कामा नये. दोन दिवसांनी मूठभर माल दाबून बघा, एखाददुसरा थेंब आला तर बरोबर, धार लागली तर पाला घालून तळापासून ढवळा, आणि अगदीच भुरभुरीत असेल तरच पाण्याचा हबका. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तरी उपाय तोच, पाला कमी पडलाय.

आणि पाला पावसाळ्यात मिळत नाही हो! फेब्रुवारी ते एप्रिल पानगळीत सोसायटीत झाडून जाळतात तोच पाला दोन पोती भरून ठेवा, कोरड्या जागी. नाहीच जमलं तर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घ्या, पण त्याची वीट भिजवून फोडायची असं पाकिटावर लिहिलेलं असतं ते कुंडीसाठी. तसंच ओलं बादलीत टाकलं तर काहीच उपयोग नाही, दोन दिवस उन्हात वाळवून मगच वापरा.

जाड करड्या अळ्या दिसल्या तर फिनाइल ओतू नका प्लीज. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या काळ्या माशीच्या असतात, चावत नाहीत, कचरा भराभर खातात. पाला वाढवा, झाकण नीट लावा. मटण-मासळीची हाडं-काटे सुरुवातीला नकोच.

बादली भरली की बाजूला ठेवून दुसरी सुरू करा. पहिली आठवड्यातून एकदा ढवळायची, दीड-दोन महिन्यांत काळसर होऊन पावसातल्या मातीसारखा वास येतो. थंडीत थोडं जास्त लागतं. ताटलीत साचलेलं पाणी दहापट पाण्यात मिसळून कुंड्यांना.

मग चाळा. चाळणीवर राहिलेले जाड तुकडे फेकू नका, नवीन बादलीच्या तळाशी घाला. ताक-गूळ, विकतची पावडर काही लागत नाही, हेच विरजण.