मूल हात मारायला लागलं म्हणून निर्धास्त होऊ नका. पोहायला शिकवताना या चुका टाळा

मे महिन्यात विहिरीवर, तलावावर पोरांची झुंबड उडते. पंधरा दिवसांत पोरगं हात मारायला लागलं की घरचे म्हणतात, "आलं याला पोहायला." मी अशा मुलाला एकच गोष्ट करायला लावते. मी पाण्यात उभी राहते आणि त्याला अंगावरच्या कपड्यांनिशी काठावरून आत घसरायला सांगते. वर यायचं, मागे वळायचं, काठ धरायचा. दहा-बारा हात सरळ मारणाऱ्या मुलांचीही इथे तारांबळ उडते. काठ पाठीमागे असतो आणि मागे वळायला त्यांना कुणी शिकवलेलंच नसतं.

म्हणून पहिली चूक हीच: आधी हात मारायला शिकवणं. क्रम उलटा हवा. श्वास धरणं, पडल्यावर वर येणं, उताणं तरंगणं, वळून काठ धरणं, बाहेर निघणं. हात मारणं त्यानंतर. बांगलादेशात गावातल्या तळ्यांत बांबूचे मचाण बांधून चार वर्षांपुढच्या मुलांना शिकवतात. तिथे २५ मीटर पोहण्याबरोबर ३० सेकंद तरंगून राहणंही यावं लागतं.

उताणं तरंगताना सगळ्यांचं एकच रडगाणं असतं, "पाय खाली जातात." दोष पायांचा नसतो, मानेचा असतो. माझी भाची चार वर्षांची असताना शेतातल्या हौदात तिला उताणी केली की कमरेत वाकायची आणि पाय सरळ तळाला. ती स्वतःचे पाय बघत होती! तिला वरच्या आंब्याच्या फांदीवरच्या कैऱ्या मोजायला लावल्या. मान मागे गेली, कान पाण्यात बुडाले, पोट वर आलं. मग मानेखालचा तळवा काढून दोन बोटं ठेवली, पुढे एकच. सातव्या कैरीला माझा हात खाली नव्हता, हे तिला कळलंही नाही. कानात पाणी जाईल या भीतीने मूल मान उचलत असेल, तर आधी घरी अंघोळीच्या वेळी कानांवरून पाणी सोडायची सवय करा.

दंडात घालायच्या फुग्यांवर माझा मुळीच विश्वास नाही. त्यांनी मूल पाण्यात उभं राहतं, आणि बुडणारं माणूसही उभंच असतं. जुन्या पद्धतीचा पाठीला बांधलेला भोपळा किंवा डबा निदान अंग आडवं ठेवतो. पण त्यालाही एक धोका आहे: डब्याच्या जोरावर तरंगतो हे मूल विसरतं आणि एखाद्या दिवशी डब्याशिवाय उडी टाकतं. प्रत्येक दिवशी शेवटी डबा सोडून थोडा वेळ पाण्यात ठेवाच, म्हणजे स्वतःचं वजन त्याला कळतं.

ढकलून दिलं की आपोआप शिकतं, हा गैरसमज अजून गेलेला नाही. नाकातोंडात पाणी गेलेलं मूल वर्ष-वर्ष पाण्याजवळ येत नाही. अगदी लहान बाळाला पुन्हा पुन्हा बुचकळलं तर ते इतकं पाणी गिळतं की रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला पाण्यात खेळवा जरूर, पण त्याने ते वाचेल अशी आशा धरू नका. त्या वयात राखण हाच उपाय, कारण अर्ध्या बादलीतही बाळ बुडतं.

शेततळ्याची गोष्ट वेगळी. 'मागेल त्याला शेततळे' योजना २०१६ मध्ये आली आणि शिवारात जागोजागी तळी झाली. त्यांतल्या बऱ्याच तळ्यांच्या उतारावर प्लास्टिकचा कागद असतो आणि त्यावर शेवाळ धरतं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही त्यावरून वर चढता येत नाही. वाचवायला मागून उडी घेणारा मोठा माणूसही तसाच अडकतो. तळ्याला कुंपण घाला. चारही बाजूंना खुंटी ठोकून गाठी मारलेला दोर पाण्यापर्यंत सोडा, टोकाला ट्यूब बांधा. आणि मुलाला शिकवा: कागद ओरबाडत दमायचं नाही, उताणं व्हायचं, दम घ्यायचा, मग दोर गाठायचा.

बुडणारं मूल ओरडेल या भरवशावर राहू नका. तोंड पाण्याच्या वरखाली होत असतं, श्वासच पुरत नाही तर हाक कुठून येणार? बाहेरून बघणाऱ्याला ते खेळतंय असंच वाटतं. लहान मूल पाण्यात असेल तर तुम्ही हाताच्या अंतरावर हवेत, मोबाइल पिशवीत.

सगळ्यांत घातक चूक मूल बाहेर काढल्यावर होते. कुणी पोट दाबतं, कुणी पाय धरून उलटं गरगर फिरवतं. यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं पाणी उलटून फुप्फुसात जातं. मूल श्वास घेत नसेल तर उताणं निजवा, हनुवटी उचला, आधी पाच वेळा तोंडाने श्वास द्या. तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध ३० दाब आणि २ श्वास, मदत येईपर्यंत न थांबता. दुसऱ्या कुणाला तरी १०८ ला फोन लावायला सांगा. मूल शुद्धीवर येऊन बोलायला लागलं तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देतं.