मोठ्या संख्येचे अवयव पाडून तिचे गुणधर्म कसे काढावेत

आठ-दहा अंकी संख्येबद्दल काहीही जाणून घ्यायचं तर आधी तिचे मूळ अवयव पाडावेत. ते मिळाले की बाकीचं दोन-चार गुणाकारांत निघतं. खरी मेहनत तिथेच आहे. उदाहरणाला १,१५,५१,१७६ घेऊ.

सुरुवात २ ने. भाग जातोय तोवर भागत राहा: ५७,७५,५८८, मग २८,८७,७९४, मग १४,४३,८९७. विषम संख्या आली, थांबा. २ चा घातांक ३. (एकदाच भागून पुढे सरकणं ही नेहमीची चूक, आणि तिने पुढचं प्रत्येक उत्तर बिघडतं.) आता अंकांची बेरीज ३६, म्हणजे ९ ने भाग जातो. उरले १,६०,४३३. हिच्या अंकांची बेरीज १७, तेव्हा ३ संपला. एककस्थानी ३ असल्याने ५ चा प्रश्नच नाही.

७, ११ आणि १३ एकाच फटक्यात तपासता येतात, कारण ७ × ११ × १३ = १००१. पहिल्या आठ अंकी संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा: ११ | ५५१ | १७६. आपले स्वल्पविराम हजारांनंतर दोन-दोन अंकांवर पडतात, म्हणून ते आधी पुसून टाका; नाहीतर गट चुकतात. मग आळीपाळीने वजाबाकी-बेरीज करा: १७६ − ५५१ + ११ = −३६४. चिन्ह सोडा. ३६४ ला ७ व १३ ने भाग जातो, ११ ने जात नाही. आपल्या संख्येचंही तेच. १,६०,४३३ ला ७ ने भागून २२,९१९, त्याला १३ ने भागून १,७६३.

इथे बरेचजण फसतात. १,७६३ ला १७, १९, २३, २९, ३१, ३७ यांपैकी कशानेच भाग जात नाही, म्हणून ती मूळ संख्या समजून सोडून देतात. पण वर्गमूळ ४२ च्या जरासं खाली आहे, तेव्हा ४१ तपासल्याशिवाय थांबता येत नाही. शिवाय १,७६३ म्हणजे ४२² − १, म्हणजेच ४१ × ४३. उरलेली संख्या एखाद्या वर्गाच्या इतकी जवळ असेल तर हा फरक आधी पाहावा, बरेच भागाकार वाचतात.

तर संख्या = २³ × ३² × ७ × १३ × ४१ × ४३. गुणून पडताळा घ्या.

प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणा: ४ × ३ × २ × २ × २ × २ = १९२ विभाजक. त्यांची बेरीज १५ × १३ × ८ × १४ × ४२ × ४४ = ४,०३,६०,३२०; यातला १५ म्हणजे १ + २ + ४ + ८, १३ म्हणजे १ + ३ + ९. बेरजेतून संख्या वजा केली तरी २,८८,०९,१४४ उरतात, संख्येहून जास्त. म्हणून ही विपुल संख्या. सगळे घातांक सम नाहीत, म्हणून पूर्ण वर्ग नाही.

देवळालीचे द. रा. कापरेकर यांनी ‘हर्षद’ हे नाव दिलं त्या संख्यांना स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो. आपल्या अंकांची बेरीज २७. ९ ने भाग जातो म्हणून २७ नेही जाईल असं धरू नका: बाकी ९ उरते. शेवटचे दोन अंक उलटे करून १,१५,५१,१६७ घ्या, बेरीज तीच, आणि ती मात्र हर्षद निघते: २७ × ४,२७,८२१.