गोम दिसली म्हणून फवारणी करू नका

इंदूरकडे पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात धरतो. सोयाबीनच्या पेरणीची धांदल चालू असते आणि त्यातच मोठी गोम दिसू लागते. बिळात पाणी शिरलं की ती बांधावर, गोठ्यात, ताडपत्रीखाली, बारदानात येऊन बसते. मजूर ‘कनखजूरा’ म्हणून ओरडतात, कुणी फावडं उचलतं, कुणी थेट फवारणीचा पंप आणतं. पंप ठेवून द्या. गोम पिकाचं पान, मूळ, बी काहीही खात नाही. ती शिकारी आहे.

रात्री बॅटरी घेऊन उकिरड्यापाशी थांबलात तर तिची शिकार बघायला मिळेल. नजर तिला फारशी नाही. दोन लांब मिशांनी जमीन चाचपत ती चालते. मिशीला रातकिडा लागला की क्षणात पुढचं अंग त्याच्यावर टाकते, पुढच्या पायांनी त्याला आवळते, मागच्या पायांनी ढेकूळ धरून ठेवते आणि डोक्याखालच्या दोन नांग्या रोवते. विष तिथूनच जातं. तडफड थांबेपर्यंत पकड सुटत नाही. मग जबड्यांनी कुरतडत सावकाश खाते. झुरळं, कोळी, भुंगेऱ्यांच्या अळ्या हे तिचं नेहमीचं खाणं. मोठ्या गोमेला पाल किंवा उंदराचं पिल्लूही चालतं. मात्र एकदा पोट भरलं की ती बरेच दिवस काढते, त्यामुळे तिच्या भरवशावर शेतातली कीड सोडू नका.

गोल वेटोळं करणारा, मंद चालणारा वाणी किडा वेगळा. तो कुजका पाला खातो.

गांडूळखताच्या बेडमध्ये मात्र गोम नको, कारण ती गांडुळं खाते. बेडच्या विटांमधल्या फटी बुजवा. रात्री बॅटरीने पाहून लांब चिमट्याने उचला, झाकणाच्या डब्यात घाला आणि दूरच्या बांधावर सोडा. तिथे औषध मारलंत तर आधी गांडुळंच मरतील.

तिच्या अंगातली ओल लवकर उडते, म्हणून दिवसा तिला ओलसर सावली लागते. घराच्या भिंतीला टेकून लाकडं, विटा, जुनी बारदानं रचू नका. भिंतीलगत हातभर पट्टा मोकळा आणि कोरडा ठेवा. मोरीला जाळी बसवा. गमबूट झटकल्याशिवाय पाय घालू नका. दगडाच्या आडोशाला अंड्यांभोवती वेटोळं घालून बसलेली मादी दिसली तर तो दगड तसाच ठेवा; डिवचल्यास ती कधी कधी स्वतःचीच अंडी खाते.

चावलीच तर कळ जबर येते, सूजही चढते, पण जीव जाणं फार दुर्मिळ. अंगठी, कडं लगेच काढा. जखम साबणाने धुवा. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे 45 अंश, हात-पाय बुडवून ठेवला की ठणका कमी होतो; पाणी आधी न चावलेल्या हाताने तपासा. चिरा देऊ नका, आवळून बांधू नका. दम लागला, चक्कर आली, अंगावर पित्त उठलं किंवा लहान मुलाला चावली, तर घरी वेळ न घालवता दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं का, तेही डॉक्टरांना विचारा.

सोंगणीनंतर सोयाबीनची गंजी हलवतानाही खालचे पेंढे उघड्या हातांनी उचलू नका. आधी काठीने सरकवा आणि मजुरांनाही जाड हातमोजे द्या.