पाण्यावरच्या भाजीची टाकी स्वच्छ कशी ठेवावी: विदर्भातल्या उन्हाचा हिशेब धरून

टाकीतलं पाणी हिरवं झालं, भिंत हाताला बुळबुळीत लागू लागली, झाकण उचललं की कुबट वास आला, की बहुतेक जण आधी औषध शोधतात. ब्लीच किती टाकायचं, पेरॉक्साइड किती टाकायचं. विदर्भात या कामाची सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करावी लागते. आपल्याकडे हायड्रोपोनिक्सची, म्हणजे मातीऐवजी खताच्या पाण्यावर भाजी वाढवण्याची, टाकी बिघडते ती मुख्यतः ऊन आणि उजेडामुळे. ते दोन्ही बाहेर ठेवले तर टाकी धुण्याचं काम हिवाळ्यात महिन्यातून दोनदा करूनही भागतं. आत शिरू दिले तर दर आठवड्याला घासूनही शेवाळ परत येतं.

पुढची मापं ५० लिटरच्या टाकीसाठी आहेत. पालक, सांभार (कोथिंबीर), पुदिना, लेट्यूस अशा वीस-पंचवीस रोपांना एवढी टाकी पुरते. १५-२० लिटरची बादली स्वस्त पडते, पण तिचं पाणी दुपारपर्यंत तापतं आणि ईसी (विरघळलेल्या क्षारांचं माप, मिलीसिमेन्समध्ये) आणि पीएच (आम्लतेचं माप) एका दिवसात कुठल्या कुठे जातात.

टाकी आणि उजेड

शेतात पडून असलेला फवारणीचा ड्रम किंवा तणनाशकाची कॅन कितीही धुतली तरी वापरू नका. प्लास्टिक औषधाचा अंश धरून ठेवतं, तो हळूहळू पाण्यात उतरतो, आणि भाजी शेवटी आपल्याच ताटात येते. बुडाशी त्रिकोणात २ किंवा ५ हा आकडा असलेली नवी टाकी घ्या. पत्र्याचा पिपा नको, तो खताच्या पाण्यात गंजतो.

शेवाळाला पाणी, अन्न आणि उजेड लागतो. पाणी आणि अन्न आपण देतोच, म्हणून उजेड तोडायचा. टाकीला बाहेरून आधी काळा रंग द्या, तो वाळला की त्यावर पांढरा. काळा थर उजेड अडवतो, पांढरा ऊन परतवतो. नुसती काळी टाकी मे महिन्यात पाणी तापवायचंच काम करते. रात्री मोबाइलचा टॉर्च लावून टाकीत ठेवा, पाणी लागणार नाही असा, आणि झाकण लावा. बाहेरून जिथे जिथे ठिपका चमकेल तिथून दिवसा उजेड आत जातो. रोप नसलेली छिद्रं बुचांनी बंद करा. पारदर्शक नळ्यांवर काळी टेप गुंडाळा, कारण नळीत साचलेलं शेवाळ सुटून टाकीतच येतं.

उष्णता

२० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. पाणी तापतं तसा मुळांचा आणि जिवाणूंचा श्वास वाढतो, म्हणजे पुरवठा कमी आणि खप जास्त. याच अवस्थेत पिथियमसारखी मूळकूज पसरते. टाकीचं पाणी १८ ते २४ अंशांत राहिलं तर उत्तम. २८ च्या पुढे गेलं की रोज लक्ष द्यावं लागतं. शंभर-दोनशे रुपयांचा ॲक्वेरियमचा थर्मामीटर घ्या आणि दुपारी तीनच्या सुमारास बघा. सकाळचा आकडा फसवतो.

टाकी घराच्या पूर्वेला किंवा उत्तरेला, सपरीत (ओसरीत) ठेवा. झाडांना सकाळचं ऊन मिळावं, टाकीला दुपारचं लागू नये. अंगणात जागा असेल तर टाकी अर्धी जमिनीत पुरा आणि वर ५० टक्क्यांची हिरवी नेट ताणा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत टाकीभोवती ओला बारदाना गुंडाळून तो दिवसातून तीन-चारदा भिजवला तर चांगला उतार पडतो. हाच उपाय जुलैत चालत नाही. हवाच ओलसर असते, बारदाना वाळत नाही आणि त्यालाच बुरशी लागते. पाऊस सुरू झाला की तो काढून टाका.

गोठवलेल्या बाटल्यांवर फार भिस्त ठेवू नका. १ लिटरची बर्फ झालेली बाटली ५० लिटर पाणी जेमतेम २ अंशांनी खाली आणते. एखाद्या वाईट दुपारपुरतं ठीक, रोजची व्यवस्था म्हणून नाही. आणि बर्फ बाटलीबंदच ठेवायचा, सुटा टाकायचा नाही.

हवेसाठी दोन नळ्यांचा, मिनिटाला ३-४ लिटर हवा देणारा ॲक्वेरियमचा एअर पंप पुरे, नळीच्या टोकाला बुडबुडे करणारा हवेचा दगड लावून. तो पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, नाहीतर लाइट गेली की पाणी नळीतून उलटं येऊन पंप जळतो. खाली ठेवणं भागच असेल तर नळीत एकदिशा वॉल्व्ह बसवा. भारनियमन चार-सहा तासांचं असेल तर बॅटरीवर चालणारा छोटा पंप जवळ असू द्या. झाकण आणि पाणी यांच्यात ३-५ सेंटिमीटर पोकळी ठेवली तर वरची मुळं हवेतूनही श्वास घेतात आणि झाड तेवढा वेळ तग धरतं.

पाणी कोणतं

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाण्याचा काही भाग, इथे बोअरचं पाणी तसंच वापरलं तर टाकी कितीही घासा, काम होणार नाही. झाड पाणी पितं आणि सोडियमसारखे नको असलेले क्षार मागे सोडतं. रोज भर घातली की ते साचत जातात. खत घालण्याआधीच्या पाण्याची ईसी ०.५ पर्यंत असेल तर निर्धास्त वापरा. ०.८ पर्यंत वारंवार पाणी बदलून निभतं. १ च्या वर असेल तर आरओच्या कॅनचं पाणी अर्धं मिसळा किंवा छपराचं पावसाचं पाणी साठवा. कवेलूचं छप्पर असेल तर पहिले दोन-तीन पाऊस वाहू द्या. उन्हाळ्याची धूळ आणि पाखरांची घाण त्यांतच उतरते. आरओ मशीनचं फेकायचं पाणी मात्र नको, त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही जास्त असतात.

ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) वास येत असेल तर पाणी उघड्या भांड्यात रात्रभर ठेवून मग भरा.

विहिरीचं जड पाणी पीएच वर ढकलतं. तो ५.५ ते ६.५ मध्ये आणायला लिंबू पिळण्याचा सल्ला सर्रास मिळतो. तो मानू नका. लिंबातलं आम्ल जिवाणूंचं खाद्य आहे. ते खाऊन संपवतात, दोन दिवसांत पीएच पुन्हा वर जातो आणि भिंतीवर चिकट थर मात्र राहतो. वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागांत ठिबक साफ करायला वापरतात ते फॉस्फोरिक ॲसिड बरं. चष्मा आणि हातमोजे घालून १ भाग ॲसिड ९ भाग पाण्यात ओता. पाण्यात ॲसिड, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. हे पातळ द्रावण टाकीत १० मिली घाला, ढवळा, पंधरा मिनिटांनी मोजा, लागलं तर पुन्हा.

खतामुळे होणारी घाण

कृषी केंद्रातलं १९:१९:१९ पाण्यात छान विरघळतं, म्हणून ते टाकीत घालण्याचा मोह होतो. पण त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं. मातीत त्याचं काम नीट होतं. टाकीत जिवाणू त्याचा अमोनिया करतात, पीएच चढतो, पाणी गढूळ होतं. हायड्रोपोनिक्सचं अ आणि ब असं दोन भागांचं खत घ्या. दोन्ही एकाच मगमध्ये कालवू नका. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट-फॉस्फेट घट्ट अवस्थेत भेटले की पांढरा साका बसतो, तो पुन्हा विरघळत नाही आणि पाण्याचा पंप असेल तर त्याची जाळी बुजवतो. आधी अ भाग भरल्या टाकीत घालून ढवळा, पाच मिनिटांनी ब. पालेभाजीला ईसी १.४ ते १.८, कडक उन्हात झाड पाणी जास्त पितं, तेव्हा ती १ ते १.२ पर्यंत खाली आणा.

जीवामृत, गोमूत्र, शेणाची स्लरी टाकीत नको. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांमुळे जीवामृत घरोघरी पोचलं, पण ते जमिनीसाठी आहे. बंद पाण्यात गूळ आणि बेसन सडतं, टाकीतला ऑक्सिजन आधी तेच खाऊन टाकतं.

रोजचं आणि आठवड्याचं

रोज पातळी बघून साधं पाणी भरा, पडलेली पानं आणि कोकोपीटचा चुरा काढा. कोकोपीट रोप लावण्याआधीच तीनदा धुतलेलं असलं तर हा चुरा फारसा पडत नाही.

गावात डेंग्यूसाठी आठवड्यातला कोरडा दिवस पाळतात, त्याच दिवशी टाकीकडेही बघायचं ठरवून टाका. एडीस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. झाकणाच्या फटी आणि ओव्हरफ्लोचं तोंड बारीक जाळीने बांधा. अळ्या दिसल्या तर पाणी बदला आणि भिंती घासा. पाण्याच्या रेषेलगत चिकटलेली अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जगतात, नुसतं पाणी ओतून ती जात नाहीत. आरोग्य विभागाचे गप्पी मासे खताच्या पाण्यात सोडू नका.

पूर्ण धुणं

हिवाळ्यात १४ दिवसांनी, एप्रिलपासून ७ ते १० दिवसांनी. त्याआधी भर घातलेलं पाणी टाकीएवढं, म्हणजे ५० लिटर झालं, तर तेव्हाच. दोन टाक्या ठेवल्या तर काम फार सोपं होतं. एक वापरात, दुसरी धुऊन वाळलेली.

१. सकाळी आठच्या आत सुरू करा. पंपाचा प्लग काढा. रोपांसकट झाकण साध्या पाण्याच्या बादलीवर, सावलीत ठेवा. मुळं पाच मिनिटंही उघडी वाळू देऊ नका.

२. टाकी रिकामी करून मऊ स्पंजने घासा. तारेची घासणी नको, तिच्या ओरखड्यांत बुळबुळीत थर पुन्हा धरतो. साबण आणि भांड्यांची पावडरही नको, त्यांचा फेस पुढे आठवडाभर निघत राहतो.

३. पांढरे क्षार चिकटले असतील तर लिटरला १० ग्रॅम सायट्रिक ॲसिडचं पाणी वीस मिनिटं लावून ठेवा. मग भरपूर पाण्याने धुऊन टाका. ही पायरी पुरती संपल्याशिवाय पुढची सुरू करू नका. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू निघतो, तो बंद खोलीत जिवावर बेतू शकतो.

४. १० लिटर पाण्यात ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट ५० मिली, किंवा ताजी ब्लीचिंग पावडर ७ ग्रॅम. दोन्हींनी लिटरला सुमारे २०० मिलिग्रॅम क्लोरीन मिळतं. पावडर पाण्यात कालवून निवळू द्या आणि वरचं पाणी फडक्यातून गाळून घ्या, खालचा चुना टाकून द्या. उघड्या पिशवीतली, गोळे झालेली पावडर निम्मी मेलेली असते. या पाण्याने भिंती तीस मिनिटं ओल्या ठेवा. नळ्या आणि हवेचा दगड त्यातच बुडवा. पाण्यात बुडणारा पंप असेल तर तोही बुडवून दहा मिनिटं चालवा, हवेचा पंप मात्र बाहेरच ठेवा.

५. तीनदा खळखळून धुवा. दुसरी टाकी असेल तर ही दोन तास उन्हात पालथी घाला. विदर्भाचं ऊन या सगळ्या कामात उपयोगी पडतं ते इथेच.

६. नवं पाणी, मग अ, मग ब, मग पीएच. ईसी मोजून झाकण परत बसवा.

हवेच्या दगडातून बुडबुडे मोठे आणि विरळ येऊ लागले की दगड बदला. क्लोरीनचं पाणी झाडांना न घालता मोरीत सोडा. टाकीतलं जुनं खताचं पाणी मात्र फेकू नका. तेवढंच साधं पाणी मिसळून गोडलिंब, लिंबू किंवा परसातल्या वांग्यांना द्या. जागा फिरती ठेवा, एकाच बुंध्याशी क्षार साचू नयेत. विहिरीच्या जवळ ओतू नका.

बिघाड ओळखताना

पाणी हिरवं म्हणजे उजेड शिरतोय. फट शोधा, औषध नंतर. ईसी रोज चढत असेल तर झाड पाणी जास्त आणि खत कमी घेतंय, साधं पाणी भरा. अंड्यासारखा कुजका वास म्हणजे बुडाशी हवा पोचत नाही. पंप चालू असूनही तो येत असेल तर गाळ आणि दगड तपासा.

सर्वात गंभीर लक्षण म्हणजे मुळं तपकिरी, बुळबुळीत, ओढली की साल हातात यावी अशी. दुपारी झाड कोमेजतं, टाकी भरलेली असूनही. मात्र खताच्या रंगाने मुळं थोडी पिवळट होतात, ती घट्ट असतील तर घाबरू नका. खरी कूज असेल तर ते रोप काढून फेका आणि टाकी वरच्या रीतीने लगेच धुवा. बाकीच्या रोपांची खराब मुळं ब्लीचच्या पाण्यात बुडवून धुतलेल्या कात्रीने कापा. नव्या पाण्यात मेडिकलमध्ये मिळणारं ६ टक्क्यांचं, म्हणजे २० व्हॉल्यूमचं हायड्रोजन पेरॉक्साइड लिटरला १ मिली, ५० लिटरला ५० मिली, एकदाच घाला. ते एक-दोन दिवसांत पाणी आणि ऑक्सिजन होऊन विरतं. ट्रायकोडर्मा (मूळकूज रोखणारी उपयोगी बुरशी) वापरत असाल तर पेरॉक्साइड त्यालाही मारतं, दोन्हींपैकी एकच मार्ग धरा. आणि पाणी ३० अंशांवरच राहिलं तर कूज परत येणार, हे धरून चाला.

नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, लेट्यूसचा हट्ट सोडलेला बरा. मेच्या तिसऱ्या आठवड्यात रोपं काढून टाका, टाकी आणि नळ्या क्लोरीनने धुऊन पूर्ण वाळवा. पाण्याच्या पंपाची जाळी आणि पातं सुटं करून पुसा, कारण आत वाळलेले क्षार पातं घट्ट धरतात आणि पाऊस पडल्यावर पंप नुसता गुणगुणतो, फिरत नाही. टाकी पालथी घालून सावलीत ठेवा. उन्हात महिनाभर पडलेलं प्लास्टिक पुढच्या हंगामात तडकतं.