भेगाळलेल्या मातीत बाग कशी जगवली (माझा अनुभव)

सोलापुरात आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत आम्ही शेजाऱ्यांनी रोपं लावली, ती एप्रिलमध्ये माना टाकू लागली. पाणी तर रोज घालत होतो! शेजारचे शेतकरी काका आले, खुरप्यानं माती उकरून म्हणाले, “अहो, पाणी भेगांतनं खाली जातंय, मुळाला मिळतंय कुठं?”

काळी माती वाळली की आकसते आणि फाटते, हे तेव्हा नीट कळलं. दोन रविवार सगळे जमलो. पोरांनी भेगा बुजवल्या, बायकांनी शेणखत मिसळलं. प्रत्येक रोपापासून वीतभर अंतरावर मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरलं आणि पाण्यानं भरलं, म्हणजे पाणी हळूहळू झिरपून मुळाला मिळतं. मडकं साधंच हवं, रंग दिलेलं नको. रंगामुळं पाणी झिरपत नाही. तोंडावर झाकण हवंच, नाहीतर डास होतात. वर उसाच्या पाचटाचा चार बोटं थर दिला. खोडाला मात्र तो चिकटू द्यायचा नाही, वाळवी लागते. हे आम्ही एक कडुनिंब गमावून शिकलो, अजून वाईट वाटतं.

आता मडकी तीन-चार दिवसांनी भरतो, पाळीपाळीनं. मे महिन्यात शेवग्याला नवी पालवी फुटली, तेव्हा काकू धावत सांगायला आल्या.