२३ गुणिले १४, चौकटीच्या वहीत

हातचा वगैरे शिकवायच्या आधी चौकटीची वही काढा, आडव्या २३ आणि उभ्या १४ चौकटी मोजून पोरांना मोठा आयत आखू द्या, मग २० नंतर उभी रेघ, वरून १० नंतर आडवी, झाले चार तुकडे. प्रत्येकात गुणाकार लिहायचा: वर २०० आणि ३०, खाली ८० आणि कोपऱ्यातल्या बारक्यात १२. बेरीज ३२२. माझी लेक आधी नुसतं २०×१० आणि ३×४ करून २१२ म्हणायची, दोन तुकडे रिकामे दिसल्यावर स्वतःच म्हणाली "अगं आई, हे राहिलंच की!" उभ्या मांडणीत दुसऱ्या ओळीत शून्य का देतो तेही इथेच दाखवा, वरचे दोन तुकडे मिळून २३०, तीच ती ओळ. प्रत्येक अंकाएवढ्या तिरक्या रेघा मारून त्या एकमेकींना जिथे छेदतात ते ठिपके मोजत गुणाकार करायची ट्रिक भारी दिसते, पण ८९×७६ ला डोळे फिरतात.