वर्णनात नेमका तपशील कसा आणावा

कोकणातल्या पावसाविषयी ‘धो धो पाऊस कोसळत होता आणि सारा निसर्ग हिरवागार झाला होता’ असे लिहिले, तर वाचकाला काहीच दिसत नाही, कारण हे वाक्य कोणत्याही गावाला लागू पडते. त्याऐवजी पाऊस कशावर पडतो ते पाहावे: मंगलोरी कौलांवरून सुटलेल्या पागोळ्यांनी अंगणाच्या कडेला पाडलेली खळग्यांची रांग, जांभ्याच्या गडग्यावर चढलेले शेवाळ, लावणीच्या चिखलात पाठीवर इरले घेऊन वाकलेल्या बायका. मग महिना सांगावा लागत नाही. लावणी चालू आहे म्हणजे आषाढाच्या आसपासचे दिवस, हे वाचक स्वतःच ओळखतो. केवळ डोळ्यांवरही विसंबू नये. चुलीतल्या ओल्या लाकडांचा धूर आणि न वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास पुष्कळदा रंगांहून अधिक काम करतात. मात्र टिपलेले सगळेच ओतू नये (हा मोह नवख्यांपेक्षा मुरलेल्या लेखकांनाच जास्त होतो, असे मला वाटते). प्रसंगाला हवे असलेले दोन-तीन तपशील ठेवावेत आणि त्यानंतर ‘सुंदर’, ‘रम्य’, ‘विलोभनीय’ ही विशेषणे खोडून परिच्छेद मोठ्याने वाचावा. अर्थ कमी झाला नसेल, तर ती परत घालू नयेत.